ख्याल ऐकायला कोणते स्पीकर? खोली 11 बाय 14, बजेट 3 लाख, गाव पुणे

काळी_एक
खोली 11 बाय 14 फूट, छत साडेनऊ फुटांवर. तीन भिंती विटांच्या, चौथीत सरकती काच, खाली व्हिट्रिफाइड टाइल. ऐकणं 90 टक्के ख्याल, उरलेलं नाट्यसंगीत आणि थोडं सतार-सरोद. अ‍ॅम्प्लिफायर आहे, 8 ओहमला 60 वॉट देतो आणि 4 ओहमचा भार झेलतो. स्पीकर आणि स्टँड मिळून 3 लाख.

प्रश्न तीन. बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे) की टॉवर (जमिनीवर उभे राहणारे)? कोणते ब्रँड पुण्या-मुंबईत खरोखर कानाने ऐकून घेता येतात आणि बिघडले तर पार्ट मिळतो? आणि बाहेरून मागवण्यात काही राम आहे का?

परदेशी रिव्ह्यू वाचून फार हाती लागत नाही. त्यांच्या खोल्या मोठ्या, भिंती जिप्समच्या, ऐकणं जॅझ. डग्ग्याची मींड कशी येते हे कुणीच लिहीत नाही.

ओहमकार
आधी स्वर सांगा. जास्त ऐकणं गायकांचं की गायिकांचं?

पेठेतला_ट्वीटर
आयडी वाचा की राव.

काळी_एक
हो, बहुतेकांचा सा पेटीच्या काळी एक पट्टीवर, काहींचा काळी दोनवर. गायिका साधारण तिसरा हिस्सा.

ओहमकार
मग आकडे मांडू. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा (सा) 139 हर्ट्झला, पंचम (प) 104 ला, खर्ज (सर्वांत खालचा सा) 69 ला. म्हणजे 60 च्या आसपासपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर पुरतो. 30 हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या टॉवरचे पैसे मोजले तर त्या खालच्या भागात ऐकायला काय मिळणार? रेकॉर्डिंगमधली एसीची घरघर आणि स्टेजवर आपटलेला पाय.

आता खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक स्वर घुमून फुगतात, तो अनुनाद. तो काढायला पुण्याच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला 348 मीटर धरा आणि त्याला दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. 14 फुटांमुळे 41 हर्ट्झ येतात, 11 मुळे 52, साडेनऊमुळे 60. यांच्या दुपटी 82, 104 आणि 120. यातला 104 बघा. तुमचा पंचम नेमका त्यावर बसलाय. स्पीकर कोणताही आणा, पंचमाची तार इतर तारांपेक्षा फुगलेली येणार. दुकानदाराच्या खोलीची मापं वेगळी, त्यामुळे तिथे हे कळणारही नाही.

उपाय फुकटचा आहे. रुंदीच्या या दुसऱ्या अनुनादाचा दाब बाजूच्या भिंतीपासून पाव रुंदीवर शून्य असतो. पाव रुंदी म्हणजे 2 फूट 9 इंच. दोन्ही वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या कोनांचे) मध्य आपापल्या बाजूच्या भिंतीपासून बरोबर तेवढ्यावर ठेवले की स्पीकर त्या अनुनादाला हात लावू शकत नाही. दोन स्पीकरमधलं अंतर आपोआप साडेपाच फूट होतं. पाठीमागची भिंत अडीच फुटांवर ठेवा आणि स्वतः त्याच भिंतीपासून 9 फुटांवर बसा. खोलीच्या मध्यावर, म्हणजे 7 फुटांवर, बसू नका. तिथे 82 चा दाब सर्वांत जास्त असतो आणि काळी दोनचा खर्ज 78 वर आहे.

हे झाल्याशिवाय ब्रँडची चर्चा करण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत.

गुळगुळीत_ट्रान्झिस्टर
उन्हाळ्यात हवा तापली की वेग वाढतो, मग पंचमही सरकणार का? मे महिन्यात एसी लावून ऐकायचं का?

ओहमकार
30 अंशांना 349, 24 अंशांना 346. फरक एका हर्ट्झचा. एसी लावा, पण स्वतःसाठी.

डेसिबल_आजोबा
टॉवर की बुकशेल्फ याचं उत्तर वॉटच्या हिशेबातूनही निघतं. ओहमकारांनी सांगितलेल्या मांडणीत कानापासून स्पीकर साधारण 7 फुटांवर, म्हणजे 2.15 मीटरवर. संवेदनशीलता 85 डीबी असलेला स्पीकर 1 वॉटला 1 मीटरवर 85 देतो. अंतरामुळे साडेसहा गेले, दोन स्पीकरचे 3 मिळाले, राहिले साडेएक्याऐंशी. 50 वॉटने त्यात 17 वाढतात. म्हणजे 98 डीबीपर्यंतचा ठोका निघतो, आणि खोलीच्या भिंतींनी परत दिलेला आवाज यात धरलेलाच नाही. ख्याल घरी 70-75 वर ऐकतात, तबल्याची थाप त्याच्या वर 15-20 डीबी जाते. 60 वॉट भरपूर झाले.

हाच हिशेब 300बी नावाच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळीच्या) 8 वॉटवाल्या अ‍ॅम्प्लिफायरला लावा. साडेएक्याऐंशी अधिक 9, म्हणजे नव्वद-एक्याण्णव. तिथे थाप बोथट होते आणि लोक म्हणतात, "काय मऊ आवाज आहे!"

व्हॉल्व्हवाले_अण्णा
आजोबा, टोमणा पोचला. म्हणूनच व्हॉल्व्हसोबत हॉर्न (भोंग्याचे स्पीकर) लावतात. क्लिप्शच्या हेरेसीची चौथी आवृत्ती 99 डीबीची आहे. तुमच्याच हिशेबाने 8 वॉटात 104 निघतात.

डेसिबल_आजोबा
निघतात की. फक्त धाग्याच्या मालकाकडे व्हॉल्व्ह नाही, आणि नवी हेरेसी 3 लाखांत बसत नाही.

मिरजकर_जवारी
खर्ज-पंचमाची चर्चा झाली, पण तानपुरा ओळखू येतो तो जवारीने, म्हणजे तारेच्या झणकाराने. घोडीवर तारेखालचा दोरा (जीव) सरकवला की तारेचे वरचे स्वरांश उघडतात आणि ते काही किलोहर्ट्झपर्यंत पसरलेले असतात. बहुतेक दोन-ड्रायव्हर (आवाज काढणारे दोन भाग असलेल्या) स्पीकरमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाकडे) काम जातं ते 2 ते 3 किलोहर्ट्झला. हा सांधा नीट नसेल तर जवारीचं तारेशी नातं तुटतं आणि वरून वेगळी सळसळ ऐकू येते. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो धडपणे ऐकवणारे स्पीकर विकत घ्यायला मुंबई गाठावी लागते!

या निकषावर दोन घराणी बघण्यासारखी. पहिलं केईएफचं. त्यांच्या एलएस50 मेटात ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो, त्यामुळे उभं राहिलं, खाली बसलं, बाजूला सरकलं तरी सांधा बदलत नाही. दुसरं बीबीसीच्या परंपरेतलं: हार्बेथ, स्पेंडॉर, रॉजर्स. या मंडळींनी मुळात माणसाचा आवाज बरोबर यावा म्हणून स्पीकर बनवले. एलएस3/5ए हा त्यांचा मूळपुरुष, बाहेरगावी प्रक्षेपणाच्या गाडीत ठेवायचा छोटा मॉनिटर.

माझं मत हार्बेथ पी3ईएसआरला. पेटी सीलबंद आहे, मागे पोर्ट (हवेचं भोक) नाही. डग्ग्याचा घिस्सा (तळवा घासून काढलेला स्वर) पोर्टच्या स्पीकरवर लांबतो, यावर थांबतो.

लॅमिंग्टन_लोकल
पण पी3 संवेदनशीलतेत साडेत्र्याऐंशी आहे आणि 75 हर्ट्झपर्यंतच सपाट. मेटाही 79 पर्यंतच. दोघेही 69 च्या खर्जाला थोडे कमीच पडतात. ओहमकारांच्या 60 हर्ट्झच्या अटीचं काय?

ओहमकार
बरोबर पकडलंत. ते आकडे प्रतिध्वनी नसलेल्या खोलीतले. विटांच्या छोट्या खोलीत खालचा भाग 3 ते 5 डीबी सहज उचलला जातो, कारण विटेची भिंत बास सोडत नाही. जिप्समची भिंत थरथरते आणि बास गिळते. म्हणून अमेरिकेत पातळ वाटलेला छोटा स्पीकर आपल्याकडे भरलेला वाटतो आणि तिथे वाखाणलेला टॉवर इथे डुरकतो. सीलबंद पेटी 75 च्या खाली सावकाश उतरते, पोर्टवाली आपल्या पोर्टच्या खाली धाडकन. पी3 ला 69 वर फार अडचण येऊ नये. मेटालाही नाही.

लॅमिंग्टन_लोकल
आता प्रश्न दोन, मिळण्याचा.

भारतात बहुतेक हाय-एंड ब्रँडचा एक अधिकृत आयातदार असतो आणि शहरातले डीलर त्याच्याकडून माल उचलतात. डीलरच्या दुकानात बोर्ड दहा ब्रँडचे, लावून ठेवलेल्या जोड्या तीन. म्हणून जाण्याआधी फोनवर "अमुक मॉडेल डेमोला लावलेलं आहे का, कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरवर?" हे विचारा. "मिळेल, मागवून देऊ" याचा अर्थ ऐकायला मिळणार नाही, आगाऊ रक्कम भरावी लागेल.

केईएफ, फोकल, बी अँड डब्ल्यू, डाली यांचे छोटे स्पीकर मोठ्या शहरांत ऐकायला सापडतात. हार्बेथसारख्यांच्या जोड्या मोजक्या ठिकाणी असतात. नागपूर, नाशिक, कोल्हापूरकडे बहुतेक वेळा होम थिएटरवाले दुकानदार भेटतात. स्टिरिओ जोडी शांतपणे बसून ऐकू देणारा क्वचित. पणजी-मडगावकडच्यांनी तर बेळगाव-पुणे सोडून सरळ मुंबई किंवा बेंगळुरू धरावं.

घेण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: बिलावर दोन्ही पेट्यांचे सीरियल नंबर, वॉरंटी आयातदाराची की दुकानाची, वूफर-ट्वीटर सुटा मिळतो का आणि किती आठवड्यांत, आणि आयातदार बदलला तर जुन्या ग्राहकाची जबाबदारी कुणाची. चौथ्या प्रश्नावर दुकानदार चहा मागवतो. दर काही वर्षांनी ब्रँड एका आयातदाराकडून दुसऱ्याकडे जातो आणि मधल्या काळात घेतलेल्यांचे ट्वीटर अधांतरी राहतात.

पेठेतला_ट्वीटर
आमच्याकडे चहा मागवत नाहीत, "उद्या या" म्हणतात.

कोन_कोकणातला
सुट्या ड्रायव्हरच्या मुद्द्याला जोरदार दुजोरा, आणि किनारपट्टीवाल्यांसाठी थोडी भर.

वूफरची कड फोमची असेल तर घेऊ नका. दमट हवेत फोम आधी चिकट होतो, मग भुगा. कड रबराची हवी. जुनी जोडी घेत असाल तर जाळी काढून कडेला बोटाने हलकं दाबा. ठसा राहिला किंवा बोटाला काळं लागलं तर कड गेली.

फोम बदलता येतो. बास्केटचा (वूफरच्या धातूच्या सांगाड्याचा) बाहेरचा व्यास, कोन जिथे कडेला चिकटतो तो व्यास आणि वळीची रुंदी ही तीन मापं घेऊन कड मागवायची. जुना फोम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा. वाळल्यावर लवचिक राहणारा डिंक आधी कोनाच्या बाजूला लावायचा आणि तो धरला की मग बास्केटच्या बाजूला. कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) मध्यावर राहावी म्हणून या दुसऱ्या टप्प्यात वूफरला 25-30 हर्ट्झचा अगदी हलका स्वर देऊन कोन हलता ठेवायचा. घासल्याचा आवाज आला तर कड किंचित सरकवायची. 24 तास हात लावायचा नाही. कडक वाळणारा सुपरग्लूसारखा डिंक वापरला की कोन एका बाजूला ओढला जातो, आणि मग वूफर जन्मभर खरखरतो.

दुसरं, मागच्या पोर्टला नायलॉनची बारीक जाळी लावा. कुंभारमाशीला ते भोक म्हणजे तयार घर. मातीचं घरटं आत झालं की पोर्टचं सूत्र बिघडतं. आणि पालीचं तर विचारूच नका.

गुळगुळीत_ट्रान्झिस्टर
सीलबंद पेटीच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा.

नाना_न्यूजर्सी
तिसऱ्या प्रश्नावर. इकडे वापरलेल्या जोड्या स्वस्त मिळतात आणि पॅसिव्ह (आत विजेवर चालणारं काही नसलेल्या) स्पीकरला 110-230 व्होल्टची भानगड नाही. येताना आणता येतात. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा एका बॅगेला 23 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटिमीटर. मेटाचा एक स्पीकर 7.8 किलोचा आहे, तेव्हा वजनात जोडी बसते. मापात बसण्यासाठी मूळ खोका सोडून वेगळं पॅकिंग करावं लागेल. कस्टमला बिल दाखवून रीतसर शुल्क भरायची तयारी ठेवा.

लॅमिंग्टन_लोकल
नाना, वॉरंटी समुद्र ओलांडत नाही हे पण लिहा.

कुरिअरने मागवणाऱ्यांसाठी हिशेब. किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क लागतं. त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्याच्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी. सीमाशुल्काचा दर अर्थसंकल्पागणिक हलतो, तेव्हा तो त्या दिवशी बघून घ्या. नुसत्या उदाहरणासाठी 20 धरला तर: माल दारात 1,00,000, शुल्क 20,000, अधिभार 2,000, बेरीज 1,22,000, त्यावर कर 21,960. एकूण 1,43,960.

भाड्यात लोक फसतात. हवाई कुरिअर नुसतं प्रत्यक्ष वजन बघत नाही, सेंटिमीटरमधली तिन्ही मापं गुणून 5000 ने भागतो आणि दोन्हींतलं जास्त असेल ते धरतो. 60 बाय 40 बाय 40 चा खोका 19 किलो धरला जातो, आत 8 किलोचा स्पीकर असला तरी. टॉवरचा 120 बाय 45 बाय 50 चा एक खोका 54 किलो. टॉवर बाहेरून आणायचा विचार इथेच संपतो.

आणि ब्लूटूथ किंवा वायफायवाले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर मागवू नका. बिनतारी यंत्राला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, ती नसेल तर माल अडकतो. हेच कारण की काही बिनतारी मॉडेलं परदेशात येऊन जुनी झाली तरी आपल्याकडे दिसत नाहीत.

केबल_महर्षी
चर्चा छान. पण 3 लाखांत किमान 40 हजार केबलला बाजूला ठेवा. जवारी खुलते ती चांदीच्या मुलाम्याच्या तारेने.

डेसिबल_आजोबा
आलात का! वाटच बघत होतो.

अडीच चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला 8 ओहमच्या आसपास. 5 मीटरची केबल जाऊन-येऊन 10 मीटर, म्हणजे 0.08 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरवर नुकसान 0.09 डीबी, 4 ओहमवर 0.17. खुर्चीत दोन इंच पुढे वाकलं तर याहून जास्त फरक पडतो. बुधवार पेठेत बहुतारी फ्लेक्सिबल घ्या, टोकांना बनाना प्लग आवळा. उरलेले 39 हजार पुढे सांगतो तिथे लावा.

केबल_महर्षी
ज्याला ऐकू येतं त्याला येतं. मोजमापात सगळं मावत नाही.

मिरजकर_जवारी
महर्षी, दोन केबल, एक पडदा आणि बदल कधी झाला हे न सांगणारा मित्र, एवढं जमवा. वाद लगेच मिटेल.

केबल_महर्षी
माझा या धाग्यावरचा शेवटचा प्रतिसाद.

पेठेतला_ट्वीटर
मुलामा उडाला.

डेसिबल_आजोबा
तर ते 39 हजार. टाइल आणि काच असलेल्या खोलीत टाळी वाजवा, झिंग ऐकू येते. ती झिंग जवारीवर बसते. स्पीकर आणि तुमच्या मध्ये जाड सतरंजी किंवा दोन पदरी घोंगडी, काचेवर खालपर्यंत येणारा जाड, चुणीदार पडदा. मग बाजूच्या भिंती. खुर्चीत बसा, कुणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात ट्वीटर दिसेल तिथे पॅनेल. 48 किलो प्रतिघनमीटर घनतेच्या रॉकवूलच्या 2 इंची स्लॅब दोन, एकावर एक, लाकडी चौकटीत. चौकट भिंतीपासून 2-4 इंच पुढे. वरून तंतू बाहेर न येऊ देणारं टिश्यू आणि त्यावर खादी. कामाच्या वेळी हातमोजे आणि मास्क.

हे बाससाठी नाही, हे लक्षात ठेवा. 104 हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या जवळ जाते, 4 इंची पॅनेल तिला जाणवतसुद्धा नाही. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांनी तर ते अंड्यांसाठीच ठेवावेत.

स्टुडिओतला_पंखा
अ‍ॅम्प्लिफायर आहे म्हणून पॅसिव्हच घ्यायचे हे गृहीत का धरलंय? जेनेलेक 8030सीसारखे अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर बघा. फिनलंडची कंपनी, पेटी अ‍ॅल्युमिनियमची (फुगणं नाही, बुरशी नाही), 54 हर्ट्झपर्यंत 2 डीबीच्या आत सपाट, प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. मुख्य म्हणजे हे हाय-फाय दुकानात सापडत नाहीत, प्रो-ऑडिओवाल्यांकडे सापडतात. अंधेरीतल्या स्टुडिओंना माल देणारे डीलर सुटे भागही देतात, कारण स्टुडिओ बंद पडला तर त्यांचं गिऱ्हाईक जातं. कोलकात्याची सोनोडाइनही स्टुडिओ मॉनिटर बनवते, तो पर्याय देशातलाच.

तोटा एकच. जवळून ऐकलं तर ट्वीटरची हलकी सूं ऐकू येते. 7 फुटांवर पंखा बंद असला तरी बहुधा नाही.

व्हॉल्व्हवाले_अण्णा
देशातला म्हणता तर पुण्याच्या कॅडेन्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही! इलेक्ट्रोस्टॅटिक (विजेच्या भाराने थरथरणारा पातळ) पडदा आणि खाली साधा वूफर अशी हायब्रिड जोडी बनवून त्यांनी परदेशात विकली. पडद्याच्या स्पीकरवर सतारीचा आघात ऐकल्यावर घुमटाकार ट्वीटर जड वाटतो.

कोन_कोकणातला
आवाजाबद्दल वाद नाही. पण इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर भार असतो, तो धूळ खेचतो, आणि दमट हवेत त्या धुळीतून गळती होते. आधी एका बाजूचा आवाज बसतो, मग चर्र चर्र. पुण्यात कोरड्या खोलीत ठीक. रत्नागिरीत आर्द्रता 60 च्या खाली ठेवणारं यंत्र पावसाळाभर चालवणार असाल तरच. शिवाय पडदा मागेही तेवढंच वाजतो, मागची भिंत 3 फूट तरी लांब हवी. 11 बाय 14 मध्ये खोलीच संपली.

सुतारपक्षी
3 लाखांत स्वतः बनवायचा पर्याय कुणीच काढला नाही, म्हणून मी काढतो. एसबी अकूस्टिक्स (इंडोनेशिया), सीअस (नॉर्वे), स्कॅन-स्पीक (डेन्मार्क) यांचे ड्रायव्हर सुटे मागवता येतात. खोका लहान, त्यामुळे वर सांगितलेला घनमापाचा फटका बसत नाही. प्रसिद्ध झालेला, मोजमापांसकट असलेला आराखडा घ्या. क्रॉसओव्हर (वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणारं सर्किट) मनाने करू नका, तिथेच 10 पैकी 9 स्पीकर फसतात.

पेटीला एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) नको, पावसाळ्यात कडा फुगतात. 18 मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्या आणि काप दुकानातल्या मोठ्या करवतीवर पाडून आणा. सुताराच्या हातकरवतीने काटकोन सुटतो, आणि सांध्यातून हवा गळली की सीलबंद पेटी सीलबंद राहत नाही. आतून दर 20-25 सेंटिमीटरला आडवी पट्टी, पट्टीत मोठी भोकं. ड्रायव्हरच्या स्क्रूसाठी टी-नट (लाकडात बसवायची धातूची चाकी), कारण प्लायमध्ये स्क्रू तिसऱ्यांदा आवळला की दात जातात. आत सैल भरलेला रजईचा पॉलिएस्टर, ठासून नाही.

गळती तपासायची पद्धत: वूफर हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर पेटी बंद आहे, झटक्यात आला तर कुठेतरी फट.

लॅमिंग्टन_लोकल
सगळं खरं, पण पुनर्विक्री शून्य. ब्रँडेड जोडी चार वर्षांनी निम्म्यात तरी जाते. घरी बनवलेली जोडी मेव्हण्याला द्यावी लागते.

सुतारपक्षी
मेव्हणा खूश आहे.

काळी_एक
सर्वांचे आभार. धागा केबलवरून प्लायपर्यंत फिरला, पण कामाचं बरंच मिळालं. सध्याचे जुने स्पीकर ओहमकारांनी सांगितलेल्या जागी हलवून यूमिक-1 या मोजमापाच्या माइकने आणि आरईडब्ल्यू सॉफ्टवेअरने मोजले. आधी 104 ला 9 डीबीचा उंचवटा होता, आता 3 चा आहे. पण 60 ला 7 डीबीचा डोंगर तसाच, आणि 115 च्या जवळ खड्डा. हे इक्वलायझरने सपाट करावं का?

ओहमकार
60 छताचा आहे, स्पीकर सरकवून जाणार नाही. तिथे काप द्या: 60 हर्ट्झ, उणे 5 डीबी, क्यू (काप किती अरुंद ते) 5 च्या आसपास. 115 चा खड्डा मागच्या भिंतीवरून परत येणाऱ्या लहरीचा आहे. भिंत 76 सेंटिमीटरवर, 348 भागिले चौपट अंतर, 114. तो इक्वलायझरने भरू नका. जेवढी ताकद घालाल तेवढीच उलट्या दिशेने परत येऊन रद्द होते, वूफर मात्र दमतो. स्पीकर 3 फुटांवर घ्या, खड्डा 95 कडे सरकेल, तुमच्या पंचम आणि खर्जाच्या मधल्या मोकळ्या जागेत. आणि 300 च्या वर इक्वलायझर लावू नका, तिथे स्पीकर बदला.

माइक कानाच्या जागी, शिवाय डावी-उजवीकडे एकेक फूट, अशी तीन मोजमापं घेऊन सरासरीवर काम करा. एकाच बिंदूवर सपाट केलेली खोली मान वळवली की बिघडते.

मिरजकर_जवारी
मग निवड काय?

काळी_एक
मेटा आणि पी3 दोन्ही मुंबईत ऐकणार, 8030सी अंधेरीत.

मिरजकर_जवारी
जाताना काळी एकचा नुसता तानपुरा पाच मिनिटांचा, एक विलंबित ठेका आणि ओळखीच्या गायकाचा मंद्रातला आलाप पेन ड्राइव्हवर न्या. तिन्ही स्पीकर एकाच पातळीवर आणा: पिंक नॉइज (चाचणीसाठीची एकसारखी खरखर) लावून फोनवरच्या मीटरने अर्ध्या डीबीच्या आत. जो एक डीबी मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, हे दुकानदाराला तुमच्याआधी माहीत असतं. डेमोची जोडी सवलतीत मिळत असेल तर घ्या, पण 40 हर्ट्झचा स्वर हलक्या आवाजात सोडून दोन्ही वूफर घासतात का ते ऐका. खोके मूळ आहेत का तेही बघा.

काळी_एक
शेवटचा प्रश्न. बैठक जमिनीवरच्या गादीवर आहे, अधूनमधून सोफ्यावर. स्टँड 24 इंची घ्यावेत का?

डेसिबल_आजोबा
गादीवर बसल्यावर कान जमिनीपासून टेपने मोजा, साधारण 30 इंच भरतील. मेटाचा ट्वीटर पेटीच्या मधोमध, तळापासून 6 इंचांवर. 24 अधिक 6, बरोबर. सोफ्यावर कान 36-37 वर जातात, तेव्हा स्पीकरची पुढची कड सव्वादोन ते अडीच सेंटिमीटर उचला, ट्वीटर थेट कानाकडे बघेल. रबराच्या दोन पाचरी करून ठेवा. पी3 घेतलात तर ट्वीटर पेटीच्या वरच्या भागात असतो, मग स्टँड त्या मानाने बुटका. 8030सी ला खालचा पाय मागे-पुढे कलणारा येतोच.

स्टँडच्या नळीत वाळू भरायची तर धुऊन, चाळून, कढईत कोरडी भाजून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ओली वाळू आतून गंज धरते आणि वेल्डिंग सुटतं. खालचे अणकुचीदार खिळे टाइलवर थेट टेकवू नका, टाइलला टवका जातो. खाली 2 रुपयांची नाणी ठेवा.

पेठेतला_ट्वीटर
केबल_महर्षी, चांदीची नाणी चालतील का?